जुन्या नॅसवरून नव्या नॅसवर डेटा नेताना: आधी जुन्याला हात लावू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ वर्षं चाललेला, दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवायचा डबा. आत ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर. भरलेला डेटा ३.१ टीबी: फोटो, व्हिडिओ, कामाची कागदपत्रं आणि एका मॅकचा टाइम मशीन बॅकअप. नवा नॅस चार डिस्कचा, वेगळ्या कंपनीचा. लॅपटॉपवर दोन्ही उघडून एका खिडकीतून दुसरीत फोल्डर ओढले, तर विंडोज सहा दिवस लागतील म्हणतंय आणि मध्येच कॉपी तुटतेय. तुटली की कुठपर्यंत आलं होतं तेही कळत नाही. मग विचारलंय, जुन्या डिस्क काढून सरळ नव्या डब्यात घातल्या तर?

नका घालू. कंपनी वेगळी आहे, त्यामुळे नवा नॅस त्या डिस्क ओळखणार नाही आणि ‘इनिशियलाइझ करू का’, म्हणजे डिस्क कोरी करू का, असं विचारेल. त्याला हो म्हटलंत की सगळं संपलं. एकाच कंपनीच्या काही मॉडेलांमध्ये डिस्क जशाच्या तशा उचलून चालतात, पण तिथेही कुठल्या मॉडेलमधून कुठल्या मॉडेलमध्ये चालतं याची कंपनीची यादी असते, आणि ती वाचल्याशिवाय हात घालायचा नाही. घरगुती नॅसमधल्या डिस्क बहुतेक वेळा लिनक्सच्याच पद्धतीने बांधलेल्या असतात. म्हणजे जुना डबा जळाला, तर त्या डिस्क लिनक्सच्या संगणकाला जोडून बरेचदा वाचता येतात. पण ही आग लागल्यावरची शिडी आहे. डबा चालू असताना तिच्यावर चढायचं कारण नाही.

असाच दुसरा मोह: ‘दोन्ही डिस्कवर तेच आहे ना, मग एक काढून बाजूला ठेवू, दुसरीवरून कॉपी करू.’ हेही नको. आठ वर्षांत त्या डिस्कना एवढं सलग वाचायला कोणी लावलं नसेल. रोज दहा-वीस फाइली उघडणं वेगळं आणि तीन टीबी एका दमात वाचणं वेगळं. जे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, २०१८ नंतर कोणी वाचलेच नाहीत, ते आता वाचले जाणार, आणि खराब सेक्टर नेमका तिथेच निघतो. अशा वेळी एका डिस्कने मान टाकली तर दुसरी हवी. नेमक्या त्याच दिवशी ती कपाटात ठेवू नका.

सुरुवात जुन्या डिस्कची तब्येत पाहून करा. नॅसच्या स्क्रीनवर (ब्राउझरमध्ये उघडतो तो) स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचा, तक्ता असतो. त्यात बरंच काही लिहिलेलं दिसतं, मी तीनच ओळी बघतो: क्रमांक ५, १९७ आणि १९८. पाच म्हणजे खराब निघाल्यामुळे बदलून घेतलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल लागायचा बाकी असलेले, आणि १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. तिन्ही शून्य असतील तर निवांत कामाला लागा. पाचचा आकडा थोडा आहे पण महिनोन्‌महिने तेवढाच आहे, तरी चालेल. १९७ शून्याच्या वर असेल किंवा आज काल­पेक्षा जास्त दिसत असेल, तर बाकी सगळं वाचायचं सोडा आणि ज्या फाइली पुन्हा मिळणार नाहीत त्या आत्ता, मिळेल त्या एक्स्टर्नल डिस्कवर उतरवून घ्या. सिनेमे नंतर.

तब्येत चांगली असली तरी क्रम तोच ठेवा. फोटो आणि कागदपत्रं आधी, पुन्हा मिळवता येण्यासारखं शेवटी. वर्णानुक्रमे कॉपी करणाऱ्या यंत्राला तुमचं काय मोलाचं आहे ते माहीत नसतं.

आणि या काळात जुन्या नॅसवर काहीही ‘सुधारू’ नका. फर्मवेअर अपडेट नको, डिस्क तपासणीच्या नावाखाली फाइल यंत्रणेची दुरुस्ती नको, उगाच बंद-चालू नको. वर्षानुवर्षं फिरत असलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही, हे मी दोनदा पाहिलंय. ‘आधी आवरून घेऊ, मग हलवू’ हा विचारही सोडा. घर बदलताना तो ठीक, इथे नाही. आवराआवर म्हणजे डिलीट, आणि एकच प्रत असताना डिलीट करणं म्हणजे जोखीम. सगळा पसारा जसाच्या तसा नव्यावर जाऊ दे. तिथे जागा भरपूर आहे, तिथे आवरा.

आता ते सहा दिवस कुठून आले ते पाहू. ३.१ टीबी भागिले सहा दिवस म्हणजे सेकंदाला साधारण ६ एमबी. हा वायफायचा वेग आहे. तुम्ही लॅपटॉपवरून ओढता तेव्हा डेटा जुन्या नॅसवरून लॅपटॉपमध्ये येतो आणि लॅपटॉपमधून नव्या नॅसवर जातो. एकाच हवेतून दोनदा प्रवास, आणि येणारं थांबल्याशिवाय जाणारं जात नाही. त्यात लॅपटॉप झोपला, वायफायने मध्येच चॅनेल बदललं, की कॉपी तुटली.

गिगाबिट केबलवर कागदोपत्री सेकंदाला १२५ एमबी जातात, प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात. त्या हिशेबाने ३.१ टीबीला आठ तास पुरावेत. पण आठ वर्षांपूर्वीच्या नॅसचा प्रोसेसर एवढं रेटू शकेलच असं नाही. ५० एमबी मिळाले तरी सतरा-अठरा तासांत काम होतं. संध्याकाळी लावायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी बघायचं. वेग नेमका ११-१२ एमबीवर अडकला असेल तर नॅसला दोष देऊ नका. वाटेत कुठेतरी १०० एमबिटचा जुना स्विच किंवा आतली एक तार तुटलेली केबल आहे. केबल बदलून पाहा. पाच मिनिटांत तीन दिवस वाचतात.

राउटरच नको असेल तर दोन्ही नॅस एकाच केबलने थेट एकमेकांना जोडता येतात. गिगाबिटच्या पोर्टना त्यासाठी उलट्या जोडणीची खास केबल लागत नाही. दोन्हींना हाताने एकाच मालिकेतला, पण वेगवेगळा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्यायचा, झालं. पण मग दोघांच्या स्क्रीनपर्यंत पोचायला तुम्हाला दुसरा पोर्ट लागेल. एकच पोर्ट असेल तर स्विचच बरा. जंबो फ्रेमच्या (डेटाची पाकिटं मोठी करण्याच्या सेटिंगच्या) वगैरे नादी लागू नका. एका रात्रीच्या कामासाठी ती डोकेदुखी कोण घेणार?

लॅपटॉपला मधून काढायचं, ही यातली मुख्य गोष्ट. कॉपी दोन नॅसनी आपसांत करावी, आणि ती नव्याने ओढून घ्यावी, जुन्याने ढकलू नये. याची कारणं दोन. नव्याचा प्रोसेसर दमदार आहे, हिशेब ठेवायचं काम त्याच्याकडे राहू दे. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: ओढून घेताना जुन्यावर फक्त वाचायची परवानगी पुरते. जुन्या नॅसवर एक नवा वापरकर्ता तयार करा, त्याला सगळ्या फोल्डरवर केवळ वाचण्याचा अधिकार द्या, आणि नव्या नॅसला त्याच नावाने आत जायला सांगा. आता तुमच्या हातून कितीही मोठी चूक झाली तरी जुना डेटा पुसला जाणार नाही. या एका पायरीला दहा मिनिटं लागतात. बाकीचं सगळं चुकलं तरी ती चुकवू नका.

यासाठीचं हत्यार म्हणजे आरसिंक हा कॉपीचा प्रोग्राम. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ मध्ये बाहेर आणलं आणि आजही बहुतेक नॅसच्या बॅकअप किंवा सिंक ॲपच्या पोटात तेच किंवा त्याचं भावंड असतं. क्यूनॅप कंपनीच्या एचबीएससारखी ॲप दुसऱ्या कंपनीच्या आरसिंक सर्व्हरशी बोलू शकतात, पण घेण्यापूर्वी एक पाहा: डेटा फाइली म्हणून येतोय की ॲपच्या स्वतःच्या बॅकअप साच्यात? साच्यात आला तर तो त्या ॲपशिवाय उघडणार नाही. तुम्हाला साध्या फाइली हव्या आहेत. ॲपमध्ये हे धड कळत नसेल तर नव्या नॅसवर एसएसएचने (दुसऱ्या यंत्राला दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने) शिरून आरसिंक हाताने चालवा. दिसायला भीतिदायक आहे, पण काय चाललंय ते त्यात स्वच्छ दिसतं.

हाताने चालवताना लोक सवयीने ‘ए’ (-a) हा पर्याय देतात, म्हणजे मालक, गट, परवानग्या सगळं जसंच्या तसं. घरगुती बदलात मी तो देत नाही. जुन्या नॅसवर तुमचा वापरकर्ता क्रमांक एक असतो, नव्यावर दुसराच. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर तुम्ही तयार केलेल्या वापरकर्त्यांचे क्रमांक १०२६ पासून सुरू होतात, इतरांकडे वेगळे. जुने क्रमांक आणि जुन्या परवानग्या नव्यावर आल्या की फोल्डर दिसतो पण उघडत नाही, किंवा उघडतो पण त्यात काही लिहिता येत नाही. त्यापेक्षा ‘आर’ आणि ‘टी’ एवढेच द्या: आतले सगळे फोल्डर आणि फाइलींच्या तारखा. परवानग्या नव्या नॅसवर शेअरच्या (नेटवर्कवर दिसणाऱ्या मुख्य फोल्डरच्या) पातळीवर नव्याने ठरवा. घरात चार-पाच माणसं आणि सहा-सात शेअर असतात, अर्ध्या तासाचं काम आहे. ऑफिसमध्ये पन्नास माणसांच्या बारीक परवानग्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे आधी वापरकर्ते जुळवायचे, मग डेटा.

‘टी’ मात्र विसरू नका. आरसिंक दुसऱ्यांदा चालवलं की ते फाइलीचा आकार आणि तारीख बघून ठरवतं, ही आलेली आहे की नाही. तारखा आल्या नाहीत तर दुसऱ्या फेरीला सगळं पहिल्यापासून. ‘पार्शल’ हा पर्यायही द्या, म्हणजे मोठी फाइल अर्ध्यात तुटली तर आलेला तुकडा टाकून दिला जात नाही. ‘झेड’ म्हणजे दाबून पाठवणं. ते देऊ नका. फोटो-व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, जुन्या प्रोसेसरला उगाच घाम फुटतो. त्याच कारणाने डेटा एसएसएचमधून कूटबद्ध करून आणण्यापेक्षा आरसिंकची स्वतःची सेवा, म्हणजे ८७३ क्रमांकाचा पोर्ट, किंवा एनएफएस (लिनक्सची फोल्डर शेअर करण्याची पद्धत) वापरलेलं बरं. घरातल्या घरात, एका रात्रीपुरतं, ते चालतं.

तिरक्या रेघेची गंमत सगळ्यांना एकदा तरी भोवते. उगमाच्या, म्हणजे जिथून आणायचं त्या फोल्डरच्या, नावाच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर ‘या फोल्डरच्या आतलं आण’, नसेल तर ‘हा फोल्डरच आण’. रेघ द्यायची राहिली की फोटोच्या आत पुन्हा फोटो नावाचा फोल्डर, आणि त्यात सगळं. नुकसान काही नाही, पण दुसऱ्या फेरीत रेघ दिलीत तर दोन प्रती होतात आणि जागा कुठे गेली हे आठवडाभर शोधत बसावं लागतं. म्हणून पहिल्यांदा नेहमी ‘एन’ आणि ‘व्ही’ लावून चालवा. त्यात काही हलत नाही, फक्त काय हललं असतं त्याची यादी येते. यादीच्या पहिल्या वीस ओळी वाचा. मार्ग बरोबर दिसला की ‘एन’ काढा.

‘डिलीट’ हा पर्याय या कामात लागतच नाही. रोबोकॉपीत (विंडोजच्या कॉपीच्या आज्ञेत) त्याचाच भाऊ ‘एमआयआर’. उगमात नाही ते मुक्कामावरून पुसून टाकणं, हे त्यांचं काम. मी एकदा एका बदलात दररोज रात्री आरसिंक डिलीटसकट चालेल असं लावून ठेवलं होतं, म्हणजे बदल होईपर्यंत दोन्ही सारखे राहतील. चौथ्या रात्री जुना नॅस नेटवर्कवरून गायब झाला. ज्या फोल्डरवर त्याचा शेअर जोडलेला असायचा तो फोल्डर होताच, फक्त रिकामा. आरसिंकच्या दृष्टीने उगम व्यवस्थित होता, त्यात काही नव्हतं एवढंच. त्याने नव्याकडचं सगळं इमानेइतबारे पुसलं आणि ‘यशस्वी’ अशी नोंद केली. नव्यावर स्नॅपशॉट (ठरावीक वेळी टिपून ठेवलेली फाइलींची स्थिती) चालू होते म्हणून तासाभरात परत आलं. मुक्कामावरच्या जादा फाइली मी तेव्हापासून शेवटी हाताने बघतो.

आधी ओढून आणलेलं जे काही नव्यावर अर्धवट पडलंय ते मात्र पुसा आणि कोरी सुरुवात करा. विंडोज मोठ्या फाइलीसाठी जागा आधीच राखून ठेवतं. कॉपी मध्येच मेली तर फाइल पूर्ण आकाराची दिसू शकते आणि आतून रिकामी असू शकते. अशी फाइल ओळखत बसण्यापेक्षा आठ तास पुन्हा दिलेले परवडले.

आरसिंक जमणारच नसेल आणि विंडोजमधूनच करायचं असेल, तर लॅपटॉप केबलला लावा, झोपण्याची सेटिंग बंद करा आणि रोबोकॉपी वापरा. त्याच्या दोन मूळ सेटिंग आधी बदला. एखादी फाइल वाचता आली नाही तर ते दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. तुम्हाला वाटतं कॉपी अडकली. खरं तर ते एका फाइलीच्या दारात उभं असतं. प्रयत्न एक, थांबणं एक सेकंद, आणि झालेल्या कामाची नोंद (लॉग) फाइलीत, एवढं सांगून ठेवा.

जुना नॅस विंडोजला दिसतच नसेल तर तो बिघडलेला नाही. फार जुने नॅस फक्त एसएमबी १, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या भाषेची पहिली आवृत्ती, बोलतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच भाषेतल्या छिद्रातून पसरला, आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूतल्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये एसएमबी १ आपोआप येणं बंद झालं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने तर सही नसलेली जोडणीही मूळ सेटिंगमध्ये नाकारायला सुरुवात केली. यासाठी लॅपटॉपची दारं उघडी टाकू नका. दोन नॅस आपसांत आरसिंक किंवा एनएफएसने बोलले की हा प्रश्न उरतच नाही. एसएसएचनेही असंच होतं: ओपनएसएसएच ८.८ ने २०२१ मध्ये जुनी, एसएचए-१ वरची आरएसए सही बंद केली, त्यामुळे नवा डबा जुन्याशी हातच मिळवत नाही. तेव्हाही आरसिंकची सेवा कामाला येते.

फाइलींच्या नावांवर जरा थांबतो, कारण देवनागरीत नावं ठेवणाऱ्यांना इथे जे भोगावं लागतं ते इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सहसा सापडत नाही.

लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल यंत्रणेवर फाइलीचं नाव २५५ बाइटपर्यंत चालतं. इंग्रजी अक्षर एक बाइट, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट. आणि चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे. ‘श्री’ हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला चार चिन्हं: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. म्हणजे १२ बाइट. २५५ भागिले तीन, ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोजच्या डिस्कवर मर्यादा चिन्हांवर मोजली जाते, बाइटवर नाही. त्यामुळे तिथे बिनतक्रार बसलेलं ‘आजोबांच्या पंचाहत्तरीच्या कार्यक्रमातले…’ छापाचं लांबलचक नाव नॅसवर ‘नाव फार लांब आहे’ म्हणून नाकारलं जातं. तुमचा जुना नॅसही लिनक्सचाच असेल तर तिथे असलेली नावं नव्यावर बसतील. अपवाद एक: नवा नॅस घेतल्यावर उत्साहात शेअर कूटबद्ध केला तर. सिनॉलॉजीच्या कूटबद्ध शेअर्ड फोल्डरमध्ये नावाची मर्यादा १४३ बाइटवर येते. देवनागरीत ४७ चिन्हं. जुन्या नॅसवर सुखाने राहिलेल्या कित्येक फाइली इथे दारातच अडतात, आणि लॉग वाचला नाही तर ते कळतही नाही. कूटबद्ध करायचं असेल तर आधी लांब नावांची यादी काढा.

दुसरा घोळ ऱ चा. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक सलग चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. पण पहिल्या पद्धतीने ‘दुसऱ्या’ २१ बाइट, दुसऱ्या पद्धतीने २४. लिनक्सला ती दोन वेगळी नावं आहेत. मॅकची जुनी एचएफएस प्लस यंत्रणा नाव साठवताना अशी चिन्हं तोडून ठेवायची, त्यामुळे मॅकवरून आरसिंकने नॅसवर आलेल्या फोल्डरांमध्ये तुटलेला ऱ असतो आणि विंडोजवर केलेल्या फोल्डरांमध्ये बहुधा सलग. एकदा मी ‘दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी पाहिले, एकात ३१२ फाइली आणि दुसऱ्यात ४०, आणि नावात कुठेही फरक दिसेना. कोणीतरी चुकून जादा जागा टाकली असेल म्हणून अर्धा तास तपासत बसलो होतो. दोन्ही नॅस थेट बोलले तर जे जसं आहे तसं येतं, नवा घोळ होत नाही. निम्मं मॅकवरून ओढलं आणि निम्मं आरसिंकने आणलं की असे जुळे जन्माला येतात. थेट मॅकवरूनच आणायचं असेल तर आरसिंकला ‘आयकॉन्व्ह’ पर्यायात उगम मॅकच्या पद्धतीचा आहे असं सांगता येतं, मग ते वाटेत ऱ जोडून घेतं.

लॅपटॉपमधून कॉपी न करण्याचं आणखी एक कारण याच गोष्टीत आहे. मॅकवर दिलेल्या नावात विंडोजला न चालणारी चिन्हं असतील, तर नॅस विंडोजला खरं नाव दाखवत नाही, तोडकंमोडकं, मध्ये नागमोडी रेघ असलेलं नाव दाखवतो. रोबोकॉपी त्या तोडक्या नावानेच फाइल नव्यावर लिहितं. खरं नाव कायमचं गेलं.

काही गोष्टी कॉपी करायच्याच नसतात. रिसायकलचा फोल्डर, थंबनेलचे लपलेले फोल्डर, मॅक आणि विंडोज जागोजागी टाकून जातात त्या बारीकसारीक फाइली, हे वगळा. थंबनेल नवा नॅस स्वतः बनवेल. पण तेही आत्ता नको. चेहरे ओळखणं, फोटोंची सूची बनवणं, स्नॅपशॉट हे सगळं पहिली कॉपी संपेपर्यंत बंद ठेवा. रेड ५ किंवा ६ (डेटा अनेक डिस्कवर वाटून, एक किंवा दोन डिस्क गेल्या तरी वाचवणारी मांडणी) नुकतंच बांधलं असेल तर नवा नॅस पार्श्वभूमीत कित्येक तास डिस्क जुळवत बसतो. ते आधी संपू दे. लिहिण्याचा वेग सुरुवातीला छान आणि अर्ध्या तासानंतर एकदम मरगळलेला असेल तर नव्या डिस्क एसएमआर प्रकारच्या (एकमेकींवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, म्हणून संथ) नाहीत ना, ते मॉडेल क्रमांकावरून तपासा. नॅसला सीएमआर, म्हणजे सुट्या पट्ट्यांच्या, हव्यात.

टाइम मशीनचा बॅकअप हलवू नका. तो बाहेरून एक फाइल दिसतो, आत हजारो तुकडे असतात, आणि हलवल्यावर मॅक तो आपला मानेलच याची खात्री नाही. नव्यावर नवा बॅकअप सुरू करा, जुना काही महिने जुन्यावरच पडू दे. चालू डेटाबेस, कंटेनर, व्हर्च्युअल मशीन यांच्या फाइलीही चालू असताना कॉपी करायच्या नाहीत. सेवा बंद करा किंवा त्यांचा रीतसर निर्यात बॅकअप घ्या. जुन्या नॅसवर तारीखवार बॅकअपचे फोल्डर असतील, तर ते हार्ड लिंकवर (एकच फाइल, अनेक नावं) चालतात का ते पाहा. तसं असेल तर मोठा ‘एच’ द्यावा लागतो, नाहीतर ३०० जीबीचा बॅकअप पलीकडे पोचेपर्यंत तीन टीबीचा होतो.

कॉपी संपली. आता खरं काम.

एकूण आकार जुळवत बसू नका, तो जुळणार नाही. एक नॅस हजाराने मोजतो, दुसरा १०२४ ने. ४ टीबीची डिस्क कुठे ३.६३ दिसते ती त्यामुळेच. त्यात वगळलेले फोल्डर, रिसायकल, फाइल यंत्रणेचा स्वतःचा खर्च. आकड्यांत १०० जीबीचा फरक दिसला म्हणून रात्र जागवणारे लोक मला माहीत आहेत. वगळलेलं सोडून फाइलींची संख्या मोजा, शेअरप्रमाणे वेगवेगळी. ती जुळली पाहिजे, आणि जुळली नाही तर कुठल्या फोल्डरात जुळत नाही हे दोन-तीन पायऱ्यांत सापडतं.

मग आरसिंकचा शेवटचा संकेतांक. शून्य म्हणजे सगळं ठीक. २३ म्हणजे काही फाइली आल्या नाहीत. २४ म्हणजे कॉपी चालू असताना कोणीतरी फाइली हलवल्या. २३ आला की लॉगमध्ये ‘एरर’ शोधा आणि प्रत्येक ओळ वाचा. तीन टीबीमध्ये अशा सात-आठ ओळी निघतात: एखादं लांब नाव, एखादी परवानगी नसलेली फाइल. ‘इनपुट-आउटपुट’ असा शब्द दिसला तर मात्र ती जुनी डिस्क बोलतेय. ती फाइल पुन्हा वाचायचा प्रयत्न करा आणि स्मार्टमधला १९७ पुन्हा पाहा.

शेवटी ‘एन’, ‘व्ही’ आणि ‘सी’ एकत्र देऊन तेच आरसिंक पुन्हा चालवा. ‘सी’ लावलं की ते तारखेवर विश्वास ठेवत नाही, दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचतं आणि ताडून पाहतं. पुन्हा आठ ते अठरा तास. बरेच जण हे टाळतात. मी फोटो आणि कागदपत्रांसाठी टाळत नाही, सिनेमांसाठी टाळतो. शेवटी यादी रिकामी आली की दोन्ही प्रती बाइटन्‌बाइट सारख्या आहेत. फक्त हे लक्षात घ्या, की जुन्यावरच सडलेला फोटो नव्यावरही तसाच सडलेला येतो. ईएक्सटी४ डेटाची तपासबेरीज (चेकसम) ठेवत नाही. म्हणून प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधले पाच-दहा फोटो उघडा, थंबनेल नव्हे, पूर्ण फोटो. व्हिडिओ मधूनच सुरू करून पाहा. नव्यावर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस, म्हणजे तपासबेरीज ठेवणारी फाइल यंत्रणा, घेतली असेल तर यापुढची सडण तरी कळेल. त्यासाठी स्क्रबिंग (सगळा डेटा वाचून तपासणं) महिन्यातून एकदा लावा.

सगळं जुळलं की अदलाबदल. जुन्यावरचे सगळे शेअर सर्वांसाठी ‘फक्त वाचा’ करा, आणि एक शेवटची छोटी आरसिंक फेरी मारा, मधल्या दोन-तीन दिवसांत बदललेलं येण्यासाठी. मग जुन्याचं नाव आणि आयपी बदला, आणि जुनं नाव, जुना आयपी नव्याला द्या. याच क्रमाने. एकाच नावाची दोन यंत्रं नेटवर्कवर क्षणभरही नकोत, कोणाच्या फाइली कुठे पडल्या ते सांगता येत नाही. नाव तेच राहिलं की लॅपटॉपवरचे शॉर्टकट आणि टीव्ही काही न सांगता चालू लागतात. जे चालत नाही ते बहुधा स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणारा जुना प्रिंटर. त्याला एसएमबी १ शिवाय काही येत नसतं. नव्यावर एफटीपी (फाइली पाठवायची जुनी सोय) चालू करून त्याची सोय लावा. फोनवरचं फोटो-बॅकअप ॲप नवा नॅस पाहून सगळे फोटो पुन्हा चढवायला लागू शकतं. ते आधी थांबवा, सेटिंग बघा, मग चालू करा.

जुना नॅस आता बंद करून ठेवा. पुसायचा नाही, दोन महिने तरी नाही. वर्षातून एकदाच उघडला जाणारा फोल्डर राहिलाय हे त्या वेळीच कळतं, करभरणीच्या आदल्या दिवशी. दोन महिन्यांनी त्याला नव्याच्या बॅकअपसाठी वापरायचं असेल तर तिसरी प्रत म्हणून ठीक आहे. एकमेव बॅकअप म्हणून आठ वर्षांच्या डिस्कवर विसंबू नका.

विकणार किंवा देऊन टाकणार असाल तर नॅसचं ‘रीसेट’ बटण पुरत नाही. त्याने पासवर्ड आणि सेटिंग जातात, फोटो राहतात. फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण शून्यं लिहिली की पुरतं, सात-सात वेळा पुसायची गरज नाही. एसएसडी असेल तर तिची स्वतःची सिक्युअर इरेज आज्ञा वापरा. आणि त्याआधी, अगदी दोन महिने बंद ठेवण्यासाठीही, डिस्क बाहेर काढत असाल तर काढण्याच्या आधी प्रत्येकीवर मार्करने लिहा: कुठल्या खणातली, १ की २.